डेपोचा ठोका आणि सीतेचं लेकरू

हल्ली कुठल्याही प्रसूतिगृहात गेलं की भिंतीवर एक चित्र असतं. पदराआड बाळ घेतलेली हसरी आई आणि खाली ठळक अक्षरांत, 'बाळ मागेल तेव्हा पाजा.' चित्र चांगलं आहे, मजकूर त्याहून चांगला आहे. मी मात्र ते दिसलं की नजर दुसरीकडे वळवते. कारण एके काळी याच्या नेमकं उलटं सांगत मी गावोगाव फिरले आहे, आणि तेही पांढरंशुभ्र पातळ नेसून, मोठ्या रुबाबात.

संपादकांनी नोकरीच्या आठवणी मागितल्या तेव्हा त्यांच्या मनात बहुधा अडलेली बाळंतपणं, वाघाच्या वाटेवरून केलेले प्रवास असलं काही असावं. तेही झालं. पण या वयात मला राहून राहून आठवतो तो एक लोखंडी रुळाचा तुकडा. त्याच्याबद्दलच लिहिते.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. चांदा जिल्हा तेव्हा अखंड होता आणि गडचिरोली ही त्यातली एक तहसील होती. नागपूरला नर्सिंग आणि प्रसूतीचं शिक्षण पुरं करून मी कोसमटोल्याच्या दवाखान्यात रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते. दवाखाना म्हणजे कौलारू दोन खोल्या. एकीत औषधं, एकीत मी. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येत आणि पावसाळ्यात तेवढेही येत नसत. माझं काम आजूबाजूच्या सात-आठ गावांतल्या गरोदर बायका तपासायच्या, बाळंतपणं करायची आणि नंतर आई-लेकरांकडे लक्ष ठेवायचं. माझ्या पेटीत कात्री, नाळ बांधायचा दोरा, जंतुनाशक आणि एक स्प्रिंगचा काटा असे. त्या काट्याला झोळी अडकवायची, झोळीत बाळ ठेवायचं आणि वजन वाचायचं. बाया त्या काट्याला घाबरत. लेकरू मोजलं की त्याला नजर लागते म्हणत.

मी रुजू व्हायच्या आधी हे सगळं काम ठगूबाई करत होत्या. काळ्यासावळ्या, उंच, कमरेला बटवा. गावातल्या निम्म्या माणसांची नाळ त्यांनी कापली होती. मी आल्यावर त्या माझ्याशी भांडतील असं मला वाटलं होतं. त्या भांडल्या नाहीत. पहिल्या भेटीत त्यांनी माझी कात्री हातात घेऊन पाहिली, बोटाने धार तपासली आणि "बरी हाये" म्हणून परत दिली.

आमचं पटायचं नाही ते चिकावरून. बाळंतीण झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस येतं ते घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. गाईच्या चिकाचा खरवस चाटून-पुसून खाणारी माणसं बाईचा चीक मात्र नासका म्हणत. तो खापरात पिळून झाडाच्या बुंध्याशी ओतायचा आणि बाळाला तीन दिवस गुळाच्या पाण्याचं बोट चोखवायचं, अशी तिथली रीत होती. मी शिकले होते की चीक बाळासाठी अमृत आहे. हे माझं म्हणणं खरंच होतं आणि आजही खरं आहे. एक गोष्ट खरी शिकलेलं माणूस आपल्याला सगळंच खरं शिकवलं आहे असं धरून चालतं. माझं तसंच झालं.

कारण चिकाच्या पाठोपाठ मला घड्याळही शिकवलं होतं. आमच्या मेट्रनबाईंचं कोष्टक मला आजही तोंडपाठ आहे. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. चार चार तासांनी पाजायचं. अधेमधे बाळ रडलं तर रडू द्यायचं, फार तर उकळून गार केलेलं पाणी पाजायचं. सारखं पाजलं तर पोट बिघडतं, बाळ हट्टी होतं, आई खंगते. हे कुणा एकीचं खूळ नव्हतं. तेव्हा शहाण्या जगाचं तसंच म्हणणं होतं.

आता कोसमटोल्यात घड्याळ कुणाकडे? पण गावाच्या कडेला जंगल खात्याचा लाकडांचा डेपो होता. तिथे मोहाच्या झाडाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि चौकीदार दर तासाला त्यावर, जितके वाजले तितके, ठोके द्यायचा. ते ठोके अख्ख्या गावात ऐकू येत. मी हरखलेच. मेट्रनबाईंचं कोष्टक आणि डेपोचा ठोका यांची मी सांगड घातली आणि प्रत्येक बाळंतिणीला सांगू लागले, त्या वेळेचा ठोका झाला की पाजायचं, ठोक्याशिवाय नाही.

त्याच वर्षी वैशाखात ठगूबाईंची सून सीता बाळंत झाली. याआधी तिची दोन लेकरं महिन्याच्या आत गेली होती. दोन्ही ठगूबाईंच्याच हातची. कळा सुरू झाल्या तेव्हा त्या स्वतः दवाखान्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, साऱ्या गावाची लेकरं जगवली म्या. माह्याच घरी काऊन नाई जगत, मले नाई समजत. हा तुमच्या हातचा. तुमी म्हनसान तसं करू. मी मधात नाई बोलनार."

ज्या बाईचा सगळा जन्म या एका कामात गेला, तिने ते काम माझ्या ओंजळीत टाकलं होतं. मला त्या वेळी काय वाटायला हवं होतं? मला नुसता अभिमान वाटला.

मुलगा झाला. चीक पाजला. ठगूबाईंनी तोंड फिरवून घेतलं, पण शब्द पाळला. सीतेला आकडे येत नव्हते म्हणून मी त्यांच्या घरातल्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढून दिल्या. सहा रेघा, मग दहा, मग दोन, मग पुन्हा सहा, पुन्हा दहा. ठोके पडू लागले की सीता एकेका रेघेवरून बोट सरकवायची आणि शेवटचा ठोका शेवटच्या रेघेशी जुळला की बाळाला पदराखाली घ्यायची. पोरगी इतकी नेमाने करायची की मी तिचं उदाहरण इतर गावांत देत असे. बाळाचं वजनही सुरुवातीला बरं वाढलं. दूध कमी पडलं तर असू दे म्हणून मी दवाखान्यात आलेल्या भुकटीच्या दुधाचा एक डबा आणि रबरी बोंडाची बाटली तिच्या घरी ठेवली. बाटली कशी उकळायची ते दोनदा करून दाखवलं.

बाळ दोन महिन्यांचं झालं आणि मला नदीपलीकडच्या गावातून बोलावणं आलं. आडवं मूल होतं. डोंग्यातून पलीकडे गेले, बाई मोकळी झाली, पण त्या दिवसापासून पावसाने जी झड धरली ती सोडेचना. नदी दोन्ही थड्या भरून वाहू लागली आणि मी तिकडेच अडकले.

चौथ्या दिवशी त्या घरचा गाडीवान ओसरीवर बसून तंबाखू मळत होता. मी आले त्या संध्याकाळी शेवटच्या डोंग्याने तो कोसमटोल्याहून परतला होता. बोलता बोलता म्हणाला, "यंदा डेपो लवकरच बंद झाला, बाई. चिखलात गाड्या चालत नाईत न. चौकीदारालेबी दुसऱ्या नाक्यावर नेलं साहेबानं."

मी "बरं" म्हटलं. बाळंतिणीची घडी बदलली, हात धुवायला बसले, आणि हातावर पाणी पडता पडता माझ्या ध्यानात आलं की कोसमटोल्यात आता ठोका होत नाही.

सुरुवातीला मी स्वतःला समजावलं. आई आहे ती, लेकरू रडलं की घेईल. मग मला सीतेचं रेघेवरून सरकणारं बोट आठवलं. दोन लेकरं गमावलेली मुलगी ती. जास्त पाजलं तर पोट बिघडतं, हे तिला मीच डोळे वटारून सांगितलं होतं. ती चुकून लवकर पाजणार नाही. चुकलीच तर उशिराच पाजेल. उन्हावरून वेळ ओळखावी तर आभाळ चार दिवस एकाच रंगाचं होतं. घरात ठगूबाई होत्या, पण त्यांनी मला शब्द दिला होता.

मी डोंगेवाल्याकडे गेले. त्याने पाण्याकडे बोट दाखवलं. वाहत आलेलं एक अख्खं झाड आमच्या डोळ्यांदेखत गरगरत गेलं. "या पान्यात डोंगा नाई टिकत, बाई. तुमीबी मरसान, मीबी." मी रागावले, विनवलं, रडलेही. रोज तीनदा काठावर जाऊन यायची. मातीत रोवलेली एक काडी हीच माझी खूण होती. पाणी तिच्या वर आहे की खाली, एवढंच बघायचं. तीन दिवस काडी दिसली नाही. त्या तीन दिवसांत मला जेवण गेलं नाही. पलीकडचं एक लेकरू माझ्या एका वाक्यामुळे उपाशी रडत असेल आणि मी इथे कोरड्या ओसरीवर बसून आहे, याखेरीज दुसरं काही सुचेना.

आठव्या दिवशी दुपारी डोंगा निघाला. मी दवाखान्यात न जाता थेट ठगूबाईंच्या घरी गेले. त्या पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात कानांवर. आत बाळ रडत होतं. रडणं म्हणावं असंही नव्हतं ते, मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज होता.

सीता मला पाहून उठली. "बाई, ठोका नाई होऊन राह्यला. पान्याच्या आवाजानं मलेच आयकू येत नाई का, काय समजत नाई. मी अंदाजानं पाजलं. मंग दूधच कमी झालं माहं. मंग तुमचं डब्यातलं देल्लं. ते पुरलं पाह्यजे म्हनून पातळ केलं. आता त्याले हगवन लागली."

सगळं माझ्याच सांगण्याप्रमाणे झालं होतं. बाळाची टाळू खोल गेली होती, डोळे आत गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. सकाळपासून त्याने लघवी केली नव्हती. चांद्याला न्यायचं तर बैलगाडीचा रस्ता चिखलात गेलेला आणि मोटार पावसाळाभर बंद. माझ्या पेटीत अशा बाळासाठी काहीही नव्हतं.

मी पडवीत येऊन ठगूबाईंसमोर बसले. "ठगूबाई, तुम्ही तुमच्या हातानं करा. मी चुकले."

त्यांनी कानांवरचे हात काढले. "आता म्हन्ता?" एवढंच बोलल्या. तो प्रश्न मी जन्मभर ऐकते आहे.

मग मात्र त्या उठल्या. बाटली उचलून कोनाड्यात उलटी ठेवली. तांदळाची पातळ पेज मिठाची चिमूट घालून चुलीवर चढवली, अर्धी आईसाठी, अर्धी थेंबाथेंबाने लेकरासाठी. सीतेची चोळी सोडायला लावली, बाळाला उघडं करून तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून दोघांना एकाच लुगड्यात गुंडाळलं. "चोखू दे. दूध असो का नसो, चोखू दे. काढू नोको त्याले." पण बाळात ओढायची ताकद नव्हती. ते दोनदा तोंड हलवायचं आणि थकून जायचं.

तेव्हा त्यांनी गोंडांच्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, बुधीला बोलावणं धाडलं. बुधीचं लेकरू पाच महिन्यांचं होतं, तेही ठगूबाईंच्याच हातचं. दुसऱ्या जातीच्या बाईचं दूध म्हणून सीतेचा नवरा दारात उभा राहून काही कुरकुरला. ठगूबाईंनी मान वळवून त्याला विचारलं, "तुह्याजवळ हाये काय दूध?" तो अंगणात निघून गेला. दुसरीचं दूध पाजू नये असं माझ्याही पुस्तकात होतं. मी पुस्तकाचं नाव काढलं नाही.

बुधी आली, ओलं घोंगडं टाकून बसली आणि काही न विचारता बाळ मांडीवर घेतलं. तिच्या दुधाची धार आपसूक होती, बाळाला ओढावं लागत नव्हतं. ते नुसतं गिळत होतं. एक घोट, मग बराच वेळ काही नाही, मग एक घोट. आम्ही तिघी त्या इवल्याशा गळ्याकडे बघत बसलो. दर घोटाला ठगूबाईंचे ओठ हलायचे. त्या देवाचं नाव घेत होत्या की घोट मोजत होत्या, मला ठाऊक नाही. बुधीने पाजलं की पुन्हा सीतेच्या छातीवर, तिथून पुन्हा बुधीकडे, असं अंधार पडेपर्यंत आणि पहाटेपासून पुन्हा चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीता एकदम ओरडली. जाऊन पाहते तर तिचं लुगडं भिजलं होतं. लेकराने लघवी केली होती. त्या ओल्या लुगड्याला हात लावून मी जी रडले, तशी पुढे कुणाच्या मरणातही रडले नाही. तिसऱ्या दिवशी बाळ सीतेचं दूध जोरात ओढू लागलं आणि तिचा पान्हा परत आला.

आता मला दुसरी भीती लागली. ठोक्याचा मंत्र मी काही एकट्या सीतेला दिला नव्हता. बुधी घरी जायला निघाली तेव्हा मी तिला हात धरून थांबवलं. "बुधी, मी तुला ठोक्यावर पाजायला सांगितलं होतं ना? ते आता करू नकोस हं. बाळ रडलं की घे."

बुधी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "म्या कवा ठोका आयकला, बाई? तुमी दाराभाईर गेल्या का मी पाजतच होतो."

मला खरं वाटेना. मी चिखल तुडवत गावोगाव गेले, जिथे जिथे सांगितलं होतं त्या प्रत्येक दारात उभी राहिले आणि मी चुकीचं सांगितलं, म्हणाले. नर्सबाई चूक कबूल करते याचंच बायांना नवल. एकीने मलाच बसायला पाट दिला आणि समजूत घातली, "जाऊ द्या बाई, तुमाले वाईट वाटल म्हनून हो म्हन्लं होतं आमी. लेकरू रडल्यावर कोन ठोक्याची वाट पाह्यल?" दुसरीने विचारलं, कोणता ठोका? तिला मी असं काही सांगितल्याचंच आठवत नव्हतं. सगळी लेकरं गुटगुटीत होती. माझं शिक्षण त्यांनी माझ्यासमोर डोक्यावर घेतलं होतं आणि माझी पाठ फिरताच खाली ठेवलं होतं.

पुढे मी तीसेक वर्षं नोकरी केली. शहरांत दुधाचे डबे प्रतिष्ठेचे झाले, पाजणं मागासलेपणाचं ठरलं, आणि मग पुन्हा वरून हुकूम आले की आईचंच दूध, मागेल तेव्हा. प्रत्येक वेळी नवीन कागद हातात आला की नव्या मुली तो खणखणीत आवाजात बायांना वाचून दाखवत. मी हळू आवाजात वाचायची. तुम्हाला काय वाटतं, तेही विचारायची. वरिष्ठ म्हणायचे, या बाईंच्या बोलण्यात जोर नाही.

पण त्या पावसाळ्यात, चूक कबूल करत शेवटच्या गावाहून परतले त्या दुपारी ठगूबाई पांढऱ्या मातीने घर सारवत होत्या. कोळशाच्या रेघांवरूनही हात फिरला होता, पण त्या मातीखालून अजून काळ्या दिसत होत्या. सीता पलीकडे बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"सांगून आल्या?" ठगूबाईंनी विचारलं.

"आले."

"आयकलं का बायांनी?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. "ठगूबाई, त्यांनी कुणी ठोक्यावर पाजलंच नव्हतं. पहिल्यापासून. एकीनंही नाही."

त्यांचा हात भिंतीवर थांबला. बोटांतून माती ठिबकत राहिली. "मीच सांगत होतो इले," त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "बाई शिकून आली हाये, बाईचं आयक. रडू दे, पन आयक."

तेवढ्यात बाळ रडलं. सीतेचा हात पदराकडे गेला आणि मध्येच थांबला. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. ती माझ्या होकाराची वाट पाहत होती.